चंद्रकांतेच्या मुलखात

कादंबरीचा नवा भाग हाती पडतो. रात्र जागवून तो वाचून संपतो आणि नेमक्या अवघड जागी लेखक 'पुढे काय झाले ते पुढच्या भागात' असे सांगून मोकळा होतो. मग वाचकाचे डोके चालू लागते. तोंड झाकून फिरणारी ती बाई कोण? ज्याला सगळे मेला समजतात तो खरोखरच मेला का? त्या बंद दरवाजामागे काय असेल? घरात, कट्ट्यावर, कचेरीत तर्कांना ऊत येतो आणि पुढचा भाग येईपर्यंत कुणाला चैन पडत नाही.

हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी असे तर्क लढवण्यात वर्षे घालवली. पण भारतात हा छंद त्याच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'चे आणि तिच्या पुढल्या कथानकांचे भाग एकामागून एक बाहेर पडत होते तेव्हा हिंदी वाचकांची हीच अवस्था झाली होती. ही कादंबरी वाचण्यासाठी कित्येकांनी नागरी लिपी शिकून घेतली असे सांगितले जाते. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनीही आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवले आहे की, खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणत्याही लेखकाने केले नाहीत.

या कादंबरीचे एक वैशिष्ट्य असे की, तिची कथा काल्पनिक असली तरी गावे खरी आहेत. चुनार, नौगड, विजयगड, जमानिया, रोहतासगड ही सारी नावे आजही नकाशात सापडतात. त्यामुळे पुस्तक मिटून झाल्यावर तर्क थांबत नाहीत. ते थेट गाडीत बसून चुनारला जाऊन पोहोचतात.

जंगलच्या ठेकेदाराची कादंबरी

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ सालचा, बिहारमधील पूसा या गावचा. त्यांचे घराणे मूळचे पंजाबातले, पण पुढे काशीत स्थायिक झालेले. तरुणपणी काही काळ ते गया भागातील टिकारी संस्थानाच्या परिसरात व्यापार सांभाळत होते. नंतर त्यांना काशी नरेशांकडून चकिया आणि नौगडच्या जंगलांचा ठेका मिळाला. लाकूड आणि इतर जंगली मालाच्या व्यवहारासाठी त्यांना दिवसेंदिवस रानात राहावे लागे. पडके किल्ले, ओस पडलेल्या बावड्या, डोंगरातल्या गुहा, धबधब्यामागच्या कपारी हे सारे त्यांनी डोळे भरून पाहिले.

ठेका सुटला, पण रान मनातून गेले नाही. १८८८च्या सुमारास 'चंद्रकांता' प्रसिद्ध होऊ लागली. चार भागांत ती पुरी झाली. त्यानंतर 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली. वाचकांची मागणी इतकी वाढली की १८९८ मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा 'लहरी प्रेस' काढला.

कथेचा गाभा साधा आहे. नौगडचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगडची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगडच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा चंद्रकांतेवर डोळा आहे. तो चुनारगडच्या राजा शिवदत्ताला मध्ये ओढतो. मग सुरू होतो दोन्हीकडच्या अय्यारांचा सामना. अय्यार म्हणजे वेषांतरात, हेरगिरीत आणि गनिमी हिकमतीत तरबेज असलेला राजसेवक. कमरेला खंजीर, खांद्यावर दोरीची कमंद आणि बटव्यात बेशुद्ध करणारी पूड व शुद्धीवर आणणारा 'लखलखा' हा त्याचा सरंजाम. १९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांची 'चंद्रकांता' मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांतील मुलेही क्रूरसिंहासारखे 'यक्कू' म्हणत फिरू लागली होती. अर्थात मालिकेने मूळ कथेत पुष्कळ बदल केले होते.

आपल्याकडेही अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक काळ होऊन गेला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये, म्हणजे खत्रींच्या जन्मवर्षीच प्रसिद्ध झाली होती. पण खत्रींचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. त्यांच्या कथेत भूत, मंत्र किंवा देवाचा चमत्कार कोडे सोडवत नाही. तिलिस्म म्हणजे खजिना राखण्यासाठी जुन्या कारागिरांनी रचलेला यंत्रांचा चक्रव्यूह. त्याला कळा आहेत, किल्ल्या आहेत, गुप्त दारे आहेत. माणसाला गिळणारा दगडी बगळासुद्धा अखेर एक यंत्रच निघतो. म्हणून तर वाचकाला तर्क करता येतात. सगळे जादूनेच घडणार असते तर डोके चालवण्याची गरजच उरली नसती.

तर्क पहिला: तिलिस्माचे दार चुनारच्या किल्ल्यात

वाराणसीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, मिर्झापूर जिल्ह्यात, गंगेच्या काठी विंध्याचा एक खडक पुढे आला आहे. त्याच्यावर चुनारचा किल्ला उभा आहे. वरून पाहिले तर या टेकडीचा आकार पावलासारखा दिसतो म्हणून तिला चरणाद्री म्हणत आणि त्यावरूनच चुनार हे नाव पडले असे मानले जाते. तटावर उभे राहिले की खाली गंगेचे विशाल पात्र दिसते. इथून ती उत्तरेकडे वळून काशीची वाट धरते. याच भागातला वालुकाश्म अशोकाच्या स्तंभांसाठी वापरला गेला असे अभ्यासक मानतात.

किल्ल्यात भर्तृहरीची समाधी दाखवतात. सोनवा मंडप दाखवतात आणि त्याच्याशी आल्हाच्या लग्नाची कथा जोडतात. पण चंद्रकांतेचा चाहता या साऱ्यावरून भरभर नजर फिरवतो आणि बावडीपाशी येऊन थबकतो. खडकात खोल उतरत गेलेली ही विहीर, तिच्या पायऱ्या आणि तळाचा अंधार पाहून त्याची खात्रीच पटते की तिलिस्माचे दार इथेच असणार. बरोबरचा माणूसही मान डोलावतो.

पण ज्याने कादंबरी नीट वाचली आहे तो लगेच हरकत घेईल. दगडी बगळा ज्या खंडहरात आहे ती पडकी इमारत किल्ल्याच्या आत नाही, चुनारजवळच्या रानात आहे. शिवाय बावडीचा उपयोग उघड आहे. गंगा पायाशी असली तरी वेढा पडल्यावर नदीवर पाण्याला जाता येत नसे. किल्ल्याचा जीव या विहिरीत होता. १५३८ मध्ये हुमायूनने चुनारला वेढा घातला तेव्हा किल्ला हाती यायला त्याला काही महिने लागले. एवढे दिवस तग धरणाऱ्या शिबंदीला पाणी आधी लागते, तिलिस्म नंतर. पहिला तर्क इथे पडतो.

तर्क दुसरा: चुनारपासून विजयगडपर्यंत भुयार

भुयाराच्या गोष्टीवाचून भारतातला एकही किल्ला पुरा होत नाही. चुनारलाही ती ऐकायला मिळते. अय्यार इतक्या चटकन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कसे पोहोचत, या प्रश्नाला चाहत्यांकडे हे तयार उत्तर असते.

आता नकाशा पाहावा. चुनार ते विजयगड हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साठ किलोमीटरहून अधिक भरते. मध्ये विंध्य आणि कैमूरचे कठीण दगडी पठार. एवढे भुयार खोदले तर आतली हवा, पाणी आणि निघालेल्या दगडांचे ढीग यांचे काय करायचे? तटाखालून नदीकडे किंवा खंदकाकडे निघणारी चोरवाट वेगळी आणि दोन राज्ये जोडणारे भुयार वेगळे. खत्रींचे अय्यार तर बहुतेक वेळा पायीच धावतात. हा तर्कही बाद.

तर्क तिसरा: अय्यार खरोखर होते

इथे मात्र चुनार चाहत्याच्या बाजूने साक्ष देतो आणि त्यातली एक साक्ष चक्क मराठी आहे.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप आला आणि इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणत असे. गोऱ्यांना ती रोजची कटकट वाटे. गाण्यातून सुटकेचा बेत कळवला जात होता, हे त्यांना उमगले ते १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी तुरुंगातून पसार झाल्यावर! तेजसिंहालाही हेवा वाटावा अशी ही अय्यारी. पुढे १८१८ मध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर चुनारच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. १८२४ मध्ये बिशप हेबर हा प्रवासी धर्मगुरू चुनारला आला तेव्हा त्याने त्यांना तिथे पाहिले. मराठी पर्यटकाने चुनारच्या तटावर क्षणभर थांबावे ते या कैद्यासाठी. घोड्याजवळचे ते गाणे इथे ऐकू येणार नव्हते. चुनारहून त्यांची सुटका झाली नाही.

दुसरी साक्ष एका राणीची. महाराजा रणजितसिंहांची विधवा आणि बाल महाराज दुलीपसिंहाची आई राणी जिंदां हिला इंग्रजांनी पंजाबातून हलवून बनारसला आणि मग चुनारला आणले. १८४९च्या एप्रिलमध्ये ती वेषांतर करून या भक्कम किल्ल्यातून निसटली आणि रानावनातून नेपाळला जाऊन पोहोचली. तिथे तिला आश्रय मिळाला, पण मुलगा मात्र हातचा गेला. इंग्रजांनी तो तिच्यापासून तोडून आपल्या ताब्यात ठेवला होता. मायलेकांची भेट झाली ती १८६१ मध्ये. दोनच वर्षांनी राणी लंडनमध्ये वारली. दुलीपसिंहाला तिची रक्षा पंजाबात नेण्याची परवानगी मिळाली नाही. अखेर १८६४ मध्ये नाशिकला गोदावरीकाठी तिचे अंत्यविधी झाले. चुनारहून निसटलेल्या राणीचा प्रवास असा महाराष्ट्रात येऊन थांबला. १९२४ मध्ये तिची रक्षा लाहोरला रणजितसिंहांच्या समाधीजवळ नेण्यात आली.

तिसरी साक्ष शेरशहाची. तो अजून शेरखान होता तेव्हा त्याने चुनार मिळवला तो तलवारीने नव्हे, किल्लेदाराच्या विधवेशी, लाड मलिकेशी लग्न करून. हुमायून चुनारला अडकून पडला होता त्याच सुमारास शेरखानाने रोहतासगड हस्तगत केला. बायकामुलांना आसरा हवा म्हणून पालख्या आत पाठवल्या आणि त्यांत शिपाई बसवले, अशी कथा सांगितली जाते.

खत्रींनी आपल्या प्रस्तावनेत म्हटले होते की, पूर्वी राजांच्या दरबारी अय्यार असत आणि त्यांच्या चातुर्याने पुष्कळदा रक्तपात टळत असे. चुनारचा इतिहास वाचला की हे विधान निव्वळ कल्पना वाटत नाही. तिसरा तर्क टिकतो.

नौगडचे रान

चकियाहून नौगडकडे निघाले की रस्ता चंद्रप्रभा अभयारण्यातून जातो. राजदरी आणि देवदरी हे इथले दोन सुंदर धबधबे. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने त्यांचे रूप पाहण्यासारखे असते. पाण्याचा पडदा, त्यामागची ओली काळी कपार आणि वर दाट झाडी पाहिली की खत्रींना गुप्त दारे कुठे सुचली असतील ते वेगळे सांगावे लागत नाही.

या रानाचे स्वतःचे एक रहस्य आहे. १९५७ मध्ये गीरमधून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून इथे सोडण्यात आल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली. त्यानंतर ते सगळेच नाहीसे झाले. कुणी शिकार झाली म्हणाले, कुणी विषप्रयोग म्हणाले. हे कोडे सोडवणारा भाग कुणी लिहिला नाही.

नौगडच्या परिसराने वाईट दिवसही पाहिले आहेत. नक्षलवादी हिंसाचाराच्या काळात, २००४ मध्ये, इथे सुरुंगस्फोटात पोलीस दलाचे जवान मारले गेले. आजही रानात फिरताना स्थानिक माणूस बरोबर असावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी परतावे हे बरे.

विजयगडची राजकन्या

सोनभद्र जिल्ह्यातील रॉबर्ट्‌सगंजपासून सुमारे तीस किलोमीटरवर कैमूरच्या डोंगरावर विजयगड आहे. चढण दमवणारी आहे. तट ढासळलेले, कमानींना झाडांच्या मुळांनी विळखा घातलेला. वर मात्र पाण्याने भरलेला रामसागर तलाव आहे. श्रावणात कावडवाले इथले पाणी घेऊन शिवद्वारच्या मंदिराकडे पायी जातात.

चाहत्यांचा चौथा तर्क असा की, चंद्रकांता नावाची राजकन्या इथे खरोखर होऊन गेली आणि तिचा खजिना अजून डोंगराच्या पोटात आहे. कादंबरीतली चंद्रकांता ही खत्रींच्या लेखणीतून जन्मलेली. पण खजिन्याची गोष्ट मात्र खोटी नाही. तो कुठे गेला हेही इतिहासाला ठाऊक आहे.

१७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या राजा चेतसिंगाकडे पैशांसाठी तगादा लावला आणि त्याला नजरकैदेत टाकले. लोक खवळले. चेतसिंग निसटला आणि हेस्टिंग्जलाच बनारस सोडून चुनारच्या किल्ल्यात पळ काढावा लागला. राजघराण्याची संपत्ती विजयगडावर होती. तिथे चेतसिंगाची आई होती. मेजर पॉपहॅमच्या फौजेने गडाला वेढा घातला आणि नोव्हेंबरमध्ये तो ताब्यात आला. गंमत अशी की, ज्या पैशांसाठी हेस्टिंग्जने हा सारा उपद्व्याप केला ते त्याला मिळालेच नाहीत. फौजेने सगळा खजिना आपापसांत वाटून घेतला. चेतसिंगाला आसरा दिला तो ग्वाल्हेरच्या महादजी शिंद्यांनी. त्याने उरलेले आयुष्य तिकडेच काढले.

तेव्हा खजिन्याच्या आशेने इथले दगड उकरण्यात अर्थ नाही. उरलेल्या भिंती हाच आता विजयगडाचा खजिना आहे.

कसे जाल?

मुंबईहून जबलपूर, माणिकपूरमार्गे वाराणसीकडे जाणाऱ्या काही गाड्या मिर्झापूर आणि चुनारवरूनच जातात. वाराणसीत मुक्काम ठेवला तर चुनार एका दिवसात पाहून होते. राजदरी-देवदरीसाठी दुसरा दिवस आणि विजयगडासाठी रॉबर्ट्‌सगंजला मुक्काम करून तिसरा दिवस ठेवावा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. विजयगडावर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये. पाणी, शिदोरी आणि चांगले बूट बरोबर घ्यावेत. चुनारच्या बाजारात इथली चकचकीत मातीची भांडी मिळतात. ती घरी नेण्यासारखी असतात.

भूतनाथचे पुढे काय झाले?

प्रवासाचा शेवट मात्र काशीतच करावा, कारण सर्वांत मोठ्या तर्काचे उत्तर तिथे आहे.

'संतति'मध्ये भूतनाथ नावाचा एक अय्यार आहे. शूर, बुद्धिमान, पण भूतकाळावर डाग असलेला. तो चांगला की वाईट याचा वाचकाला थांगच लागत नाही. तिलिस्म फुटतात, लग्ने लागतात, पण लोकांच्या डोक्यातून भूतनाथ जात नाही. त्याने काय केले होते? हातून घडलेल्या पापाचा डाग माणसाला पुसता येतो का? अखेर खत्रींनी त्याचीच जीवनकथा 'भूतनाथ' या नावाने लिहायला घेतली. सहा भाग लिहून झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, खत्री वारले.

वाचकांचे सारे तर्क अधांतरी राहिले. यापुढे कुणाला विचारायचे?

त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. वडिलांबरोबर कथाही संपली असे तो म्हणू शकला असता. त्याने तसे केले नाही. तोही वडिलांच्या पुस्तकांवरच वाढला होता. पुढे काय होणार, हा प्रश्न त्यालाही इतर वाचकांइतकाच पडला असला पाहिजे. त्याने लेखणी उचलली आणि वर्षे खर्ची घालून 'भूतनाथ'चे उरलेले पंधरा भाग लिहून एकवीस भागांत कथा पुरी केली. सातव्या भागापासून लेखक बदलतो, पण भूतनाथ तोच राहतो.

दुर्गाप्रसाद खत्री पुढे स्वतंत्र कादंबरीकार म्हणूनही नावारूपाला आले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. ही सारी पुस्तके हिंदीत आजही छापली जातात. चंद्रकांतेच्या शोधात वीरेंद्रसिंहाला वारंवार भेटणारी ती वनकन्या कोण होती, हे इथे सांगून टाकले तर ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यावर अन्याय होईल. चुनारचा किल्ला पाहून परतताना काशीच्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानातून 'चंद्रकांता' घ्यावी. मुंबईपर्यंतचा प्रवास एका दिवसाहून मोठा आहे. चारही भाग वाटेत सहज वाचून होतात आणि डब्यातल्या सोबत्यांशी तर्क लढवायलाही वेळ उरतो.